शाप, नवस आणि कूर्मदासाची वारी

चिखला हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे खाणीचे गाव. मॉइल या खाणकंपनीची इथली मॅंगनीज खाण जमिनीखाली आहे, शेजारच्या डोंगरी बुजुर्गची उघडी. या पट्ट्यातल्या खाणींवर झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली माणसे, गोंड कुटुंबे आणि बालाघाट-छत्तीसगडकडून आलेले मजूर पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राबत आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या गोष्टी, नवस, म्हणी आणि देवही आले. अशा गावात एखाद्याचा पाय ओढू लागला, एखाद्या बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला, कुणी एकटेच बोलत हिंडू लागले, की ‘हे का झाले?’ या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात. एक दवाखान्यातले, दुसरे ओसरीवरचे. ओसरीवरचे उत्तर आधी मिळते आणि ते गोष्टीच्या रूपात असते.

लोककथा, म्हणी, व्रतकहाण्या आणि समजुती यांनी अपंग माणसाकडे बघण्याची आपली नजर किती घडवली, हा गेल्या काही दशकांतला वादाचा प्रश्न आहे. तो आज कुठवर आला आहे, ते पाहू.

अभ्यास उशिरा का सुरू झाला

मराठीत लोकसाहित्याचा अभ्यास जुना आणि भरघोस आहे. दुर्गा भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ची. सरोजिनी बाबर यांनी ओव्या, गाणी, कहाण्या गावोगावहून गोळा करवल्या. रा. चिं. ढेरे यांनी दैवतांची मुळे शोधली, प्रभाकर मांडे यांनी लोकगायकांच्या परंपरा नोंदवल्या, तारा भवाळकरांनी त्यातली बाई पुढे आणली. झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करणाऱ्या हरिश्चंद्र बोरकरांमुळे भंडाऱ्याकडची बोली आणि दंडार हे लोकनाट्य अभ्यासाच्या कक्षेत आले. जात, स्त्री, दैवत, बोली या अंगांनी इतके काम झाले, पण गोष्टीतला आंधळा, पांगळा, मुका हा स्वतंत्र विषय झाला नाही. तो कथानकाची गरज म्हणून येई आणि अभ्यासकही त्याला तसाच ओलांडून जात.

बाहेरही फार वेगळे नव्हते. स्टिथ थॉम्प्सन यांनी १९३०च्या दशकात जगभरच्या लोककथांतल्या कल्पनाबंधांची प्रचंड सूची केली. तीत अंधत्व आहे, कुबड आहे, तुटलेले हात पुन्हा उगवणे आहे, पण अपंग माणसाचे जगणे हा विषय म्हणून नाही. वळण आले ते चळवळीमुळे. १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी मांडले की शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने घातलेली अडवणूक वेगळी. माइक ऑलिव्हर यांनी पुढे त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. मग साहित्याकडे नजर वळली. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी २००० साली दाखवले की कथा अपंग शरीराचा आधार घेऊन उभी राहते आणि काम झाले की त्याला विसरते. अॅन श्मीसिंग यांचे ग्रिम बंधूंच्या परीकथांवरचे पुस्तक २०१४चे. भारतात अनिता घई यांनी पुराणातल्या प्रतिमांपासून आजच्या बाईच्या अनुभवापर्यंत हा धागा नेला.

या काळात कायदाही बदलला. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. सिकलसेलही त्यात आला. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्ती होत्या. ही मोजणी जुन्या, कमी प्रकारांची.

कथांत नेमके काय आहे

शाप आणि कर्मफळ हा पहिला आणि सर्वांत ठळक साचा. धृतराष्ट्र आंधळा म्हणून राज्य धाकट्याकडे जाते आणि पुढचे सगळे महाभारत त्यातून निघते. इथे कथा आणि कायदा हातात हात घालून चालतात. मनुस्मृतीने आंधळ्या-बहिऱ्यांना वारसाहक्कातून वगळले, मात्र त्यांना पोसण्याचे कर्तव्य घरच्यांवर टाकले. ही वगळणूक हटवायला ब्रिटिश काळात १९२८ साली वेगळा कायदा करावा लागला. मंथरेचे कुबड वाल्मीकींपासूनचे आहे. शकुनी मात्र व्यासांच्या संहितेत लंगडा नाही. दूरदर्शनवरच्या १९८८-९०च्या मालिकेने त्याला लंगडत चालवले आणि आज घरोघरी तो लंगडाच आहे. लोकपरंपरा म्हणजे फक्त जुने नव्हे, ती पडद्यावरही नव्याने घडते, हे यावरून दिसते.

दुसरा साचा म्हणींचा. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’, ‘आंधळ्या-बहिऱ्याची गाठ’. यांतली एकही म्हण अपंग माणसाविषयी काही सांगण्यासाठी वापरली जात नाही. ती बेशिस्त कारभाराविषयी, सुमार हुशारीविषयी असते. अपंगत्व तिथे फक्त उणिवेचे माप आहे, आणि म्हणूनच ते बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

तिसरा साचा बरे होण्याचा. श्रावणातल्या रविवारी वाचली जाणारी आदित्यराणूबाईची कहाणी घ्या. राणी परतीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला उपाशी माणूस शोधते आणि त्याला कहाणी सांगते. शेवटच्या मुक्कामाला सापडतो तो माणूस एका डोळ्याने काणा आहे, त्याला हात नाहीत, पाय नाहीत, कहाणी त्याला मांसाचा गोळाच म्हणते. तो पालथा पडलेला असतो. त्याच्यावर पाणी ओततात, त्याला उताणा करतात, बेंबीवर मोती ठेवतात. तो मन लावून ऐकतो आणि त्याला हातपाय फुटतात, देह दिव्य होतो. ऐकण्याचे हे फळ, तर वसा घेतल्याचे काय असेल, असे तो विचारतो.

ही कहाणी दोन्ही बाजूंनी वाचता येते आणि मला दोन्ही वाचने खरी वाटतात. त्या माणसाला नाव नाही, घर नाही, तो रस्त्याकडेला पालथा का पडला होता हे कुणी विचारत नाही. व्रताचा महिमा सिद्ध झाला की तो गोष्टीतून जातो. पण त्याच वेळी, ज्याला कुणी हात लावला नसता त्याला उलटवून सरळ करणारे, पाण्याने भिजवणारे हात या कहाणीत आहेत. याच राणीने आधी गर्वाने कहाणी ऐकली नव्हती आणि ती दरिद्री झाली होती. ऐकून घेणारा मात्र हा आहे. श्रावणात ही कहाणी ऐकत मोठ्या झालेल्या बाईच्या मनात यातले काय उरते, हातपाय फुटणे की उलटवून सरळ करणे, यावरच खरा वाद आहे.

चौथा साचा या सगळ्यांहून वेगळा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. कूर्मदास पैठणचा, हात-पाय नसलेला. कासवासारखा सरपटत तो पंढरीला निघतो. वाटेत वारकरी त्याला खाऊ घालतात. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत येतो तोवर एकादशी जवळ येते आणि पंढरपूर काही गाठता येत नाही. तो पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांच्या हाती निरोप धाडतो. मग विठ्ठलच त्याच्याकडे येतो. महिपतींनी अठराव्या शतकात ‘भक्तविजया’त सांगितलेल्या या कथेत त्याला हातपाय फुटत नाहीत. त्याची मागणीही तशी नसते. देवाला भेटण्यासाठी शरीर बदलावे लागत नाही, अंतर देव कापतो. मुक्याने बोलावे आणि पांगळ्याने डोंगर चढावा ही कृपेची खूण मानणाऱ्या प्रार्थनेच्या शेजारीच ही कथा उभी आहे.

अशी आणखी उदाहरणे निघतात. आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र जनकाच्या सभेत हसणाऱ्या पंडितांना निरुत्तर करतो. सूर्याचा सारथी अरुण मांड्यांवाचून जन्मलेला आहे, तरी रोजची पहाट तोच आणतो. अरुणाशी नाते सांगत भल्या पहाटे झाडावर किंवा भिंतीवर चढून दान मागणारे पांगुळ महाराष्ट्राच्या गावांना ठाऊक होते. विदर्भातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू महानुभाव ग्रंथांत वेड्यासारखे वागतात. लोक त्यांना वेडा म्हणतात आणि तेच लोक त्यांना घरात घेतात, जेवू घालतात, आपले मानतात. लहानपणीच दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांना (१८८१-१९१५) विदर्भाने प्रज्ञाचक्षू म्हटले.

एकनाथांच्या भारुडांत बहिरा, मुका, आंधळा, पांगळा अशी सोंगे आहेत. त्यांत अपंगत्व हे अज्ञानाचे, संसारात गुरफटल्याचे रूपक होते. भारुड ऐकणारा रूपक घेऊन घरी जातो की सोंग, हे मात्र श्रोत्यावर आहे.

चार भूमिका

पहिली भूमिका अंधश्रद्धा निर्मूलन आणि अपंग हक्क या दोन्ही चळवळींत सापडते. ती म्हणते, लोकसमजुतींमुळे रोजचे नुकसान होते, त्यांना संस्कृती म्हणून गोंजारू नका. ग्रहणाचे उदाहरण त्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम आहे. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरले-कापले म्हणून बाळाचा ओठ दुभंगला, असे अजून सांगितले जाते. ओठाची जडणघडण गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात होते, म्हणजे पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे नीट कळायच्याही आधी. समजूत मात्र दोष तिच्या हातातल्या विळीवर टाकते. बाळावर शिक्का बसतोच, आई जन्माची अपराधी ठरते. मानसिक आजारात हेच आणखी भयंकर होते. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा दर्ग्याच्या आधाराने राहणारे, साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी घातली.

उलट बाजूची फसवणूकही ही भूमिका दाखवते. मतिमंद माणसात देवाचा अंश आहे म्हणून त्याला गादीवर बसवायचे आणि पैसा गोळा करायचा. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा ठरवला. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर वटहुकूम निघाला आणि मग कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतल्या बारा बाबींतली ही एक. माणसाला शापित म्हणणे आणि त्याला देव म्हणणे, या दोन्हींत त्याचे स्वतःचे म्हणणे कुणी ऐकत नाही, हे या कायद्याने ओळखले आहे.

दुसरी भूमिका लोकसाहित्याच्या अभ्यासकांची. ते म्हणतात, छापील संहिता वाचून समाजाची नजर ठरवू नका. कथा सांगणारा, ऐकणारा, प्रसंग आणि सूर यांवर तिचा अर्थ बदलतो. कूर्मदास, अष्टावक्र, अरुण हेही याच परंपरेचे आहेत. ज्या समाजात भगताकडे जातात तिथेच पांगळ्याला खांद्यावर घेऊन वारीला नेतात. परंपरेतून फक्त काळे वेचून काढले तर गावातल्या माणसाला ती टीका परकी वाटते आणि तो ऐकेनासा होतो. हा मुद्दा मला वजनदार वाटतो. पण त्यात एक धोका आहे. सुंदर अपवाद दाखवून रोजच्या कुचेष्टेकडे डोळेझाक होऊ शकते.

तिसरी भूमिका कथेला मूळ कारणच मानत नाही. तिच्या मते नजर घडते ती दारिद्र्यातून, रस्त्यातून, दवाखान्याच्या अंतरातून आणि कायद्यातून. कुष्ठरोगाकडे पाहा. पूर्वजन्मीचे पाप, नागाची हत्या अशी कारणे लोक सांगत, हे खरे. पण कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवणारा १८९८चा कायदा सरकारचा होता आणि तो २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकात २०१९पर्यंत होते. विदर्भात मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवनात आणि बाबा आमटे यांनी आनंदवनात काम उभे केले. औषध आले, काम आले, घर आले आणि लोकांची नजर हळूहळू निवळली. जुन्या कथा तशाच राहिल्या, व्यवहार बदलला.

चौथी भूमिका स्वतः अपंग असलेल्या लेखक-कार्यकर्त्यांची, आणि ती वरच्या तिन्ही भूमिकांना प्रश्न विचारते. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ वाचताना कळते की दया आणि तिरस्कार दोन्ही माणसाला दारातच अडवतात. पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५मध्ये ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे आणला, महाराष्ट्राने २०२२मध्ये त्याच नावाचा स्वतंत्र विभाग काढला. अनेकांनी तो आनंदाने घेतला. पण अपंगांच्याच काही संघटनांचा आक्षेप असा की आम्हाला दिव्यत्व नको, उतार असलेला रस्ता हवा. देवत्व देणारी जुनी कथाच सरकारी कागदावर उतरली, असे त्यांना वाटते. विनोदाचा प्रश्नही यांनीच ऐरणीवर आणला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने, अपंगत्व समजून घेणारा विनोद आणि अपंग माणसाला हिणवणारा विनोद यांत फरक केला. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात आणि तिथे विनोदी पात्रावर नाटक तरते. तोतरा, बहिरा, चकणा ही मराठी रंगभूमीची हमखास हशा मिळवणारी जुनी सोंगे. ती इथे कशी पाहायची, ही चर्चा अजून नीट सुरू व्हायची आहे.

चिखल्याच्या पट्ट्यात हा प्रश्न वेगळा का

मॅंगनीजच्या धुळीत वर्षानुवर्षे काम झाले आणि ती पुरेशी रोखली नाही, तर मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. चाल बदलते, चेहरा थिजतो, बोलणे अडखळते. सुरुवातीला माणूस अकारण हसतो, रडतो, चिडतो. स्कॉटलंडच्या कूपर यांनी १८३७ साली हे प्रथम नोंदवले. भारतात १९५२च्या खाण कायद्याखाली मॅंगनीजची मज्जासंस्थेवरची विषबाधा ही कळवणे बंधनकारक असलेली व्याधी ठरली, आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही तिची नोंद झाली. आता विचार करा, अशी लक्षणे दिसणाऱ्या माणसाच्या घरी ‘बाहेरचं लागलं’ हे उत्तर आधी पोचले तर काय होईल? उपचार लांबतील, हे एक. दुसरे असे की भरपाईचा हक्कच कुणाच्या ध्यानात येणार नाही, कारण करणीसाठी कुणी अर्ज करत नाही.

सिकलसेलचेही तसेच. मध्य भारतातला सिकलसेल नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. पूर्व विदर्भातल्या आदिवासी, दलित आणि इतर मागास समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. वेदनेचे झटके येतात, खुब्याचे हाड झिजून माणूस लंगडू लागतो. झटका येतो आणि ओसरतो, म्हणून अंगारा लावल्यावर बरे वाटल्याचा भास होतो. इथे गोष्ट आणि आजाराचा स्वभाव एकमेकांना दुजोरा देतात. जुलै २०२३पासून राष्ट्रीय सिकलसेल अभियान सुरू आहे आणि रक्ततपासणी गावापर्यंत येते आहे. त्याबरोबर नवी भीतीही आली आहे. तपासणीचा कागद हाती आला की लग्न अडेल, ही चिंता भगताने दिलेली नाही. वैज्ञानिक माहितीही नवा कलंक तयार करू शकते, हे तिसऱ्या भूमिकेच्या बाजूने जाते.

वाकड्या पायाने जन्मलेल्या बाळाचे उदाहरण अधिक सरळ आहे. पहिल्या काही आठवड्यांत प्लॅस्टर सुरू केले तर बहुतेक पाय मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होतात. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा जन्मजात व्यंगांची तपासणी आहे. इथे ‘देवाने दिलंय, असू द्या’ या वाक्याची किंमत आठवड्यांत मोजावी लागते.

म्हणून मला वाटते, आपण चुकीच्या जागी भांडतो आहोत. शापाच्या कथा ओळखायला सोप्या, त्यांचा निषेधही सोपा. अधिक खोल रुतलेली आहे ती बरे होण्याची कथा. तिच्यात माणसाला जागा मिळते, पण देह बदलल्यावर. नवस करणारी आई आणि ऑपरेशनची तारीख विचारणारा बाप दोघेही त्याच कथेत असू शकतात. जिथे पाय खरोखर सरळ होतो तिथे ती कथा उपयोगी. जिथे होणार नाही तिथे मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत घर वाट पाहत राहते. शाळेचा उतार, शौचालयाची कडी, एसटीची पायरी यांचा विचार कुणी करत नाही, कारण ‘तो बरा होणारच आहे’.

न सुटलेले प्रश्न

कथा नजर घडवते की आधीच असलेल्या नजरेला शब्द देते, याचे उत्तर अजून हाती नाही. ज्या घरात श्रावणात कहाणी वाचतात त्याच घरात बहिणीला तीनचाकीवरून कॉलेजला पोचवणारा भाऊ असतो. संहितांचा अभ्यास पुष्कळ, पण गोष्ट ऐकून माणूस प्रत्यक्षात काय करतो, हे एकाच गावात दीर्घकाळ राहून पाहणारे काम थोडे.

कथा बदलाव्यात का, यावरही एकमत नाही. अंगणवाडीत सांगायच्या गोष्टींतून काणा-लंगडा गाळावा, असे काहींना वाटते. इतरांचे म्हणणे, गाळल्याने अपंग मूल गोष्टीतूनच गायब होईल. त्यापेक्षा कूर्मदास सांगा आणि आदित्यराणूबाई सांगून झाल्यावर मुलांना विचारा, त्या माणसाला तिथे कोण टाकून गेले होते? मी दुसऱ्या बाजूला झुकतो. पण शिक्षिकेला एवढा वेळ आणि मोकळीक आहे का, हेही बघावे लागेल.

बधिर माणसे तर या चर्चेत जवळजवळ नाहीतच. लोकसाहित्य म्हणजे मौखिक, असे आपण गृहीत धरले. घरातल्या हातवाऱ्यांत, बधिरांच्या शाळेच्या वसतिगृहात सांकेतिक भाषेत ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या लोकसाहित्यात मोजायच्या की नाही, हे मराठीत ठरलेले नाही.

आणि सांगणाऱ्यांचा प्रश्न राहतोच. आंधळा भजनी, दृष्टी गेलेली पण शेकडो ओव्या मुखोद्गत असलेली आजी, चालता येत नाही म्हणून ओसरीवर बसून दिवसभर गोष्टी सांगणारा म्हातारा ही आपल्या खेड्यांतली ओळखीची माणसे. छापील संग्रहांत सांगणाऱ्याचे नाव, गाव, कधी जातही सापडते. त्यांना दिसत होते का, चालता येत होते का, याची नोंद सहसा नसते. गोष्टीतल्या आंधळ्याविषयी आंधळ्या सांगणाऱ्याने काय वेगळे सांगितले, त्याने कहाणीचा शेवट तसाच ठेवला का, हे कळायला झाडीपट्टीत आजही अशा माणसांसमोर जाऊन बसता येईल.